शुक्रवारची दोन नावं

आमच्या सोसायटीच्या फलकावर दर शुक्रवारी पाण्याच्या वेळांशेजारी माझा एक कागद लागतो. त्यावर एक वाचायचं पुस्तक आणि एक बघायचा सिनेमा किंवा नाटक. प्रत्येकाखाली चार ओळी.

भाईंदरकरांचं वाचन बरंचसं लोकलमध्ये होतं. चर्चगेटपर्यंत तासाभराहून जास्त प्रवास, त्यात एक हात कडीला. म्हणून पुस्तक निवडताना त्याची जाडीही पाहावी लागते. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' छोटी आहे. बोरिवलीला गर्दी आत घुसली तरी धागा सुटत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मात्र घरी, रविवारी दुपारी, एकावेळी एखादा प्रसंग अशी वाचण्याची.

आठवणीवर विसंबून मी काही सुचवत नाही. पुस्तक पुन्हा वाचते, सिनेमा पुन्हा बघते, कारण वीस वर्षांपूर्वी आवडलेलं आज शेजाऱ्यांपुढे ठेवण्याजोगं असेलच असं नाही. मग चार ओळी लिहिते: कोणाला रुचेल, वेळ किती लागेल, कुठे नेट लावावा लागेल. 'अप्रतिम' असं लिहून वाचणाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' सुचवला तेव्हा आधीच लिहिलं, की तारखांवर तारखा पडतात, कॅमेरा एकाच जागी थांबून बघत राहतो. घाई करू नका. त्यातली सरकारी वकील बाई लोकलने घरी परतते आणि स्वयंपाकाला लागते. महिलांच्या डब्यातून रोज उतरणाऱ्या आमच्या बायकांना ती लगेच ओळखीची वाटली. लिफ्टमध्ये त्यावर वादही झाले: खटल्याचं सोडून तिच्या घरात कशाला शिरायचं? मला वाटतं, कायदा चालवणारी माणसं कशी जगतात हे त्या घरातच कळतं.

नाटकासाठी वर्तमानपत्रातल्या जाहिराती चाळते. पूर्वी बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह गाठावं लागे. आता आपल्याच शहरात लता मंगेशकर नाट्यगृह आहे. प्रयोग किती वाजता सुटतो हेही कागदावर लिहिते, कारण सकाळी लवकरची गाडी पकडणाऱ्याला तेच आधी हवं असतं. शेजाऱ्यांची संध्याकाळ आपण मागतो आहोत, तर तिची काळजीही आपणच घ्यायची.

या आठवड्यात विश्राम बेडेकरांची 1939 सालची 'रणांगण' पुन्हा वाचते आहे. युरोपातून निघालेल्या बोटीवरची ही छोटी कादंबरी उभ्याने वाचता येते. शेवटची पानं तेवढी घरी, निवांत बसून वाचा, असं तिच्याखाली लिहिणार आहे.