ब्रेक कोणाच्या हाती?

एस. टी.ची गाडी दरीत गेली, कठडा तोडून ओढ्यात कलंडली किंवा समोरून येणाऱ्या मालमोटारीवर आदळली, की दुसऱ्या दिवशीच्या बातमीतील पहिले वाक्य ठरलेले असते. ‘चालकाचे वाहनावरील नियंत्रण सुटल्याने’ हे ते वाक्य. आमच्याही पानांवर ते वर्षानुवर्षे छापले गेले आहे आणि ते छापताना आम्हांस कधी अडखळल्यासारखे झाले नाही, ही कबुली प्रथम देऊन टाकतो. नियंत्रण सुटले हे खरे. परंतु पहाटे आगारातून गाडी बाहेर पडली तेव्हा ते नियंत्रण चालकाच्या हाती पुरतेपणी दिलेले होते काय, हा प्रश्न त्या वाक्यात मावत नाही. म्हणून तो आज येथे, पहिल्या पानावर, मांडत आहोत.

पहाटे साडेचार-पाचच्या सुमारास आगारात जाऊन उभे राहिले म्हणजे पुष्कळ गोष्टी न विचारता कळतात. चालक नेमून दिलेली गाडी शोधीत येतो. आदल्या रात्री ती आणून उभी करणाऱ्याने दोष लिहून दिलेला असतो : ब्रेक कमी लागतो, गाडी डाव्या अंगास ओढते, हवा धरत नाही, स्टिअरिंगला खेळ आहे. या तीन-चार शब्दांच्या भाषेत सबंध गाडीचे आरोग्य सांगितलेले असते आणि ज्याला ती कळावयाची त्याला नेमकी कळते. तिच्यासमोर शेरा असतो, ‘पाहिले, ठीक आहे’. काय पाहिले, कोणता भाग बदलला, की नुसताच आवळला, याचा त्या शेऱ्यावरून पत्ता लागत नाही. आणि खालची सही कोणाची, हे तर ती करणाऱ्यालाही महिन्याभराने सांगता यावयाचे नाही. चालक आवारातल्या आवारात एक वळसा मारतो आणि दोष होता तेथेच असल्याचे त्याच्या पायाला समजते. तो कारागिराकडे जातो. “परवा दुसऱ्याने हीच गाडी नेली, त्याची काही तक्रार नव्हती, तुमच्याच पायाला बरा ब्रेक कमी लागतो!” असे उत्तर त्याला मिळते. तिकडे फलाटावर उतारू खोळंबलेले असतात, फेरी बुडाली तर किलोमीटर बुडणार म्हणून वाहतूक नियंत्रक घड्याळाकडे पाहत असतो. गाडी नाकारली तर बदली गाडी बहुधा नसतेच. त्या दिवसाचे काम जाते आणि ‘हा अडवणूक करतो’ अशी ख्याती मात्र पदरात पडते. चालक गाडी काढतो.

प्रत्येक आगारात, प्रत्येक दिवशी असेच घडते असे आम्ही म्हणत नाही. तसे असते तर महाराष्ट्रातील घाट केव्हाच ओस पडले असते. आपले काम डोळ्यांत तेल घालून करणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत, आणि ज्याची सही पाहून चालक दुसरा प्रश्न विचारीत नाही असा एखादा वृद्ध फोरमन बहुतेक ठिकाणी असे. परंतु ज्या व्यवस्थेत माणूस चांगला भेटला तर गाडी चांगली, तिला व्यवस्था म्हणावयाचे ते काय म्हणून?

‘हवा धरत नाही’ या तक्रारीचा अर्थ आमच्यासारख्या खिडकीजवळची जागा धरून वर्तमानपत्र उघडणाऱ्यांनी एकदा समजून घ्यावा. मोठ्या गाडीचा ब्रेक पायाच्या जोरावर लागत नाही, दाबलेल्या हवेच्या जोरावर लागतो. इंजिनवर चालणारा दाबयंत्राचा पंप ती हवा टाक्यांत भरतो. चालकाने पाय दाबला की ती चाकांपर्यंत जाऊन लायनर ड्रमवर रेटते. नळीला, सांध्याला गळती असेल, तर सपाट रस्त्यावर ती जाणवतही नाही, कारण दोन ब्रेकांमध्ये टाकी भरून यावयास वेळ मिळतो. घाटात तो मिळत नाही. वळणामागून वळण येते, पाय सारखा ब्रेकवर पडतो, काटा खाली सरकत जातो. त्यातच लायनर झिजलेले असले तर तापून त्यांची पकड सुटते. जो दोष आगाराच्या आवारात ‘किरकोळ’ ठरतो तो आंबेनळीच्या उतारावर किरकोळ राहत नाही. उतार आणि हवा यांचे हे नाते पुणेकरांस परक्याने सांगावयास नको. २० नोव्हेंबर २०२२ रोजी नवले पुलाजवळच्या उतारावर एका मालवाहू वाहनाने अठ्ठेचाळीस गाड्यांना ठोकरले. इंधन वाचविण्यासाठी उतारावर इंजिन बंद केल्याचा संशय तेव्हाच्या प्राथमिक तपासात पुढे आला होता. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, एवढा हिशेब वाचकांनीच करावा.

इंधनाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. दहा लिटर डिझेलमागे गाडी किती किलोमीटर चालली, याचा हिशेब चालकाच्या नावावर मांडण्यात येतो आणि तो कमी भरला तर चालकाला जाब द्यावा लागतो. इंजिनातील दोष आगाराचा, डिझेलची उधळपट्टी मात्र चालकाची! या न्यायाला ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ याहून समर्पक नाव आम्हांस सुचत नाही.

कायदा काय म्हणतो हे पाहिले तर आश्चर्य वाटते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १९० व्या कलमाने सदोष वाहन चालविणाऱ्यास दोषी धरले आहे, तसेच ते चालवावयास लावणाऱ्यास आणि चालवू देणाऱ्यासही धरले आहे. दोष ठाऊक असणे किंवा साधी काळजी घेतली असती तर तो ठाऊक होऊ शकला असता, एवढे पुरे आहे. म्हणजे ‘ठीक आहे’ असे लिहिणारा हात कायद्याच्या कक्षेबाहेर नाही. पण माणसे दगावली की गुन्हा नोंदविताना पहिले आणि बहुधा एकमेव नाव येते ते चालकाचे. निष्काळजीपणाने मृत्यूस कारण होण्याची शिक्षा जुन्या दंडविधानात दोन वर्षांपर्यंत होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाने ती पाच वर्षांपर्यंत नेली आहे. शिक्षा वाढली, तिला सामोऱ्या जाणाऱ्याचे अधिकार होते तेवढेच राहिले.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर आम्हीही सोयीचा संन्यासी शोधला असे होईल. कारागिराचा असहकार हा नेहमीच आळस किंवा मग्रुरी नसते. साथीच्या पूर्वी महामंडळाच्या ताफ्यात अठरा हजारांहून अधिक गाड्या होत्या. त्यानंतर टाळेबंदीत आणि २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत चाललेल्या संपात हजारो गाड्या उभ्या राहिल्या, आणि उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर खराब होते. सरकारी मालकीच्या पंधरा वर्षांवरील वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द झाली. ताफा पंधरा हजारांच्या आसपास उतरला. नेमक्या त्याच काळात, २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढील नागरिकांना मोफत आणि १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्म्या भाड्यात प्रवास सुरू झाला. दोन्ही निर्णय लोकहिताचे आहेत, आम्ही त्यांचे स्वागतच करतो. पण गाड्या घटल्या आणि उतारू वाढले, याचा अर्थ आगारात कोणी विचारला होता काय? दुरुस्तीसाठी गाडी एक दिवस अडवून ठेवावी तर तिच्या जागी धाडावयास दुसरी नाही. सुटा भाग मागवावा तर तो येईपर्यंत एका गाडीचा काढून दुसरीला लावावयाचा. तिसऱ्या दिवशी पहिलीही रस्त्यावर हवीच असते. अशा ठिकाणी रात्रपाळीच्या माणसाने ‘ठीक आहे’ लिहावे, ही लबाडी तर खरीच. पण ती त्याने एकट्याने केलेली नाही. नव्या गाड्या आता येऊ लागल्या आहेत. त्यांची छायाचित्रेही चांगली येतात. सुटे भाग आणि कारागीर त्या प्रमाणात येतात किंवा नाही, हे छायाचित्रात दिसत नाही.

आणि चव्हाट्यावर गोष्ट आली म्हणजे काय होते? २०२३ च्या आरंभी भूम आगाराच्या एका मोडकळीस आलेल्या गाडीचे छायाचित्र सर्वत्र फिरले. तिच्यावर शासनाची जाहिरात झळकत होती. तीन कर्मचारी निलंबित झाले. त्याच वर्षी पावसाळ्यात गडचिरोली जिल्ह्यातील अहेरी आगाराची, टपाचा पत्रा वाऱ्यावर फडफडत धावणारी गाडी लोकांनी पाहिली. गाड्या त्या दशेस का पोहोचल्या, याचा शोध निलंबनाच्या आदेशात कोठून सापडणार? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

शहरांतून भाडेतत्त्वावरील गाड्यांचा जो नवा प्रकार रूढ झाला आहे, त्यात तर गुंता अधिकच आहे. गाडी ठेकेदाराची, कारखाना ठेकेदाराचा, चालकही बहुधा ठेकेदाराचाच, आणि पैसे मोजावयाचे ते चाललेल्या किलोमीटरवर. निदान कायम नोकरीतील चालक दोन शब्द चढ्या आवाजात बोलू तरी शकतो.

आमची मागणी मोठी नाही. चालकाने लिहून दिलेल्या दोषाची एक प्रत त्याच्याजवळ राहावी. शेरा देणाऱ्याने काय केले ते लिहावे आणि सहीखाली नाव व क्रमांक स्वच्छ अक्षरात घालावा. ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर या तीन बाबतींत चालकाने लेखी कारण देऊन गाडी नाकारली, तर त्या दिवसाचे वेतन कापू नये. प्रत्येक आगारात राखीव गाड्या ठेवाव्यात आणि त्या फेऱ्यांच्या हिशेबात धरू नयेत. यासाठी पैसा लागेल हे आम्हांस ठाऊक आहे. पहिल्या तीन गोष्टींना मात्र कागद आणि शाई यांपलीकडे फारसे काही लागत नाही. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला पहिली एस. टी. गेली, त्या गाडीला आपोआप उघडा-बंद होणारा दरवाजा नव्हता. तिच्या ब्रेकची खात्री करूनच तिला सोडले असेल, असे मानावयास आम्ही तयार आहोत.

वृत्तपत्राच्या हाती आगार नसते, बातमी असते. यापुढे एस. टी.च्या किंवा शहर बसच्या अपघाताचे वृत्त देताना, ‘नियंत्रण सुटल्याने’ हे शब्द लिहिण्यापूर्वी, त्या गाडीविषयी आदल्या आठ दिवसांत कोणते दोष नोंदविले गेले आणि त्यांच्यासमोर कोणता शेरा पडला, हे आमचे वार्ताहर आगाराकडे विचारतील. उत्तर मिळाले तर ते छापू. न मिळाले तर प्रश्न विचारला होता, हे छापू.