शीटमधली बेरीज चुकतेय? पैसे वाटण्याआधी हे तपासा

वारजे : मुळशी, वेल्हे, हवेलीच्या गावांतून भाजी, दूध, कडधान्य घेऊन वारज्याला येणारे पुष्कळ आहेत. १९९७ मध्ये पुणे महापालिकेत आलेलं हे गाव आता सोसायट्यांनी भरलंय. माल पोचवणाऱ्यांचा हिशोबही वहीतून मोबाईलवर येतोय, कुणाचा गूगल शीट्समध्ये, कुणाचा एक्सेलमध्ये. सोय चांगली आहे, पण एक गोष्ट लक्षात ठेवा. बेरीज चुकली तरी शीट बहुतेक वेळा ओरडत नाही. ती आकडा दाखवते, आणि आपण तो खरा धरतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, बचत गटातल्या चौघी जणी मिळून वारज्यातल्या सोसायट्यांना भाजी पोचवतात. सहा दिवसांची रक्कम अशी आली : १२४०, ९८०, ११००, ८६०, १३२० आणि ९००. बेरीज ६४०० व्हायला हवी, म्हणजे प्रत्येकीला १६००. पण शीट दाखवते ५३००. तेवढेच वाटले तर प्रत्येकीच्या हातात येतात १३२५. प्रत्येकीचे २७५ रुपये गेले कुठे?

आकडा दिसतो, पण शीट त्याला शब्द समजते

तिसऱ्या दिवशी कुणीतरी ११०० च्या पुढे सवयीने तिरकी रेघ आणि आडवी रेघ मारली, जशी आपण पावतीवर मारतो. पावतीवर ते बरोबर. शीटला मात्र तो आकडा वाटत नाही, मजकूर वाटतो. बेरीज करताना ती मजकूर गुपचूप सोडून देते. ‘रु.’, ‘किलो’, ‘लिटर’ असं आकड्याला चिकटून लिहिलं तरी तेच होतं. व्हॉट्सॲपवरून कॉपी केलेल्या आकड्यामागे कधी कधी न दिसणारी मोकळी जागा येते, तीही घात करते. मराठी कीबोर्डवरून टाकलेले अंकही बरेचदा मजकूरच राहतात. या लेखात अंक मराठीत छापलेत, पण शीटमध्ये इंग्रजी अंकच टाका.

ओळखायचं कसं? आपण काही बदललं नसेल तर आकडे चौकोनात उजवीकडे सरकतात आणि मजकूर डावीकडे. रकान्यात एखादाच आकडा डावीकडे चिकटलेला दिसला की तो पुसून नुसते अंक पुन्हा टाका. ‘किलो’, ‘रुपये’ हे शब्द रकान्याच्या वर, मथळ्यात एकदाच लिहा.

अजून एक युक्ती आहे. हाताने केलेल्या बेरजेतून शीटची बेरीज वजा करा. इथे फरक येतो ११००. रकान्यात ११०० ची एकच नोंद आहे, म्हणजे चोर सापडला.

शेवटची ओळ बाहेर राहते

सूत्र पाच ओळींसाठी लिहिलं आणि सहाव्या दिवसाची नोंद खाली टाकली, तर ती बेरजेत येईलच असं नाही. वरच्या हिशोबात ९०० ची ओळ अशी सुटली तर बेरीज ५५०० दिसेल. बेरजेच्या चौकोनावर बोट ठेवा आणि सूत्रात कुठून कुठपर्यंतच्या ओळी घेतल्यात ते वाचा.

ही चूक मोठमोठ्यांनी केलीय. अमेरिकेतल्या राइनहार्ट आणि रोगॉफ या दोन अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये देशांच्या कर्जावर एक निबंध लिहिला. तो बऱ्याच सरकारांच्या चर्चेत वापरला गेला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची एक्सेल फाइल उघडून पाहिली. सरासरीच्या सूत्रात ३० ते ४९ या ओळी हव्या होत्या, घेतल्या होत्या ३० ते ४४. पाच देश बाहेरच राहिले होते. आकडेमोडीतली ही चूक दोघांनी मान्य केली.

सूत्रच दिसतं, उत्तर येत नाही

चौकोनात उत्तराऐवजी तुम्ही लिहिलेलं सूत्र तसंच दिसत असेल, तर बरोबरच्या खुणेआधी मोकळी जागा पडलीय का बघा. नसेल तर त्या चौकोनाचा फॉरमॅट ‘टेक्स्ट’ झालेला असू शकतो. तो ‘नंबर’ करा आणि सूत्र नव्याने टाका. फक्त फॉरमॅट बदलून भागत नाही.

संगणकावरच्या एक्सेलमध्ये रक्कम बदलूनही बेरीज जुनीच राहत असेल, तर फॉर्म्युला मेनूतलं कॅल्क्युलेशन ‘मॅन्युअल’वर असेल. ते ‘ऑटोमॅटिक’ करा.

भाव एकाच चौकोनात ठेवलाय?

भाव वर एका चौकोनात लिहून खाली किलोने गुणता, तेव्हा सूत्र खाली ओढलं की भावाचा पत्ताही एकेक ओळ खाली सरकतो. तिथे काही नसतं, म्हणून उत्तर शून्य येतं. भावाच्या पत्त्यात अक्षराआधी आणि अंकाआधी डॉलरची खूण लावा, मग तो जागेवर राहतो.

हॅशच्या खुणा आल्या तर

सगळ्या चौकोनात नुसत्या हॅशच्या खुणा असतील तर घाबरू नका, रकाना अरुंद आहे, रुंद करा. हॅशपुढे ‘व्हॅल्यू’ आलं तर आकड्याच्या जागी मजकूर आहे. ‘नेम’ आलं तर सूत्राचं स्पेलिंग चुकलंय. ‘डिव्ह’ आणि शून्य आलं तर शून्याने किंवा रिकाम्या चौकोनाने भागताय. ‘रेफ’ आलं तर सूत्रातली एखादी ओळ किंवा रकाना कुणीतरी काढून टाकलाय. गूगल शीट्समध्ये बेरजेच्या सूत्रात बेरजेचाच चौकोन धरला गेला तरी ‘रेफ’ येतं.

वाटप करण्याआधी दोन मिनिटं

बेरजेशेजारच्या चौकोनात ‘काउंट’चं सूत्र त्याच रकान्यावर लावा. ते फक्त खरे आकडे मोजतं. सहा नोंदी असून उत्तर पाच आलं, तर एक नोंद मजकूर झालीय किंवा बाहेर राहिलीय. त्यानंतर एकीने वहीतून रकमा मोठ्याने वाचाव्यात आणि दुसरीने मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर मारत जावं. दोन्ही उत्तरं जुळली की मगच पैसे वाटा.

चूक कुणाची हे शोधत बसलं की गटात कुरबुर होते, आणि शीट सांभाळणाऱ्या ताईवर उगाच संशय येतो. त्यापेक्षा दर वेळी सगळ्यांसमोर असं पडताळलेलं बरं. वही मात्र लगेच टाकू नका, निदान दोन-तीन महिने शीटसोबत चालू ठेवा.