'रिमूव्ह' मारलं, पण गेलं काय?

'सुडो ॲप्ट रिमूव्ह मायएसक्यूएल-सर्व्हर-८.०' असं टर्मिनलवर लिहून एंटर मारलं, चार ओळी सरकल्या आणि प्रॉम्प्ट परत आला, की मशीनवरून डेटाबेस गेला असं बहुतेकांना वाटतं. डीबीएमएसचं प्रॅक्टिकल करणारा विद्यार्थी असो की दहा वर्षं सर्व्हर सांभाळणारा माणूस, दोघांचीही समजूत तीच. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, टाइप अर्थातच रोमन लिपीत करायच्या.) प्रत्यक्षात गेलेला असतो फक्त प्रोग्राम.

उबुंटू आणि डेबियनवर डेटाबेस तीन जागी पसरलेला असतो. प्रोग्राम '/यूएसआर'मध्ये, सेटिंगच्या फाइली '/ईटीसी'मध्ये आणि आपण भरलेली टेबलं '/व्हीएआर/लिब'मध्ये. 'रिमूव्ह' पहिल्या जागेला हात लावतं, बाकीच्या दोन तशाच ठेवतं. हे आळसाने नाही, मुद्दाम केलेलं आहे: पॅकेज परत आणता येतं, टेबलं आणता येत नाहीत. सरकून गेलेल्या त्या ओळी वाचल्या तर त्यात बरेचदा '/व्हीएआर/लिब/मायएसक्यूएल ही डिरेक्टरी रिकामी नाही म्हणून काढली नाही' अशा अर्थाची सूचनाही सापडते. वाचतं कोण! नंतर 'डीपीकेजी -एल' चालवलं, तर त्या पॅकेजच्या नावाआधी 'आरसी' ही दोन अक्षरं दिसतात. आर म्हणजे पॅकेज काढलंय, सी म्हणजे त्याची सेटिंग अजून आहेत.

पोस्टग्रेसच्या बाबतीत तर कधी कधी प्रोग्रामही जात नाही. 'ॲप्ट रिमूव्ह पोस्टग्रेस्क्यूएल' लिहिलं, काम झाल्याचं दिसलं, आणि 5432 या पोर्टवर सर्व्हर आपला निवांत चालूच. कारण 'पोस्टग्रेस्क्यूएल' हे पॅकेज नावापुरतं आहे. त्याच्या पोटात सर्व्हर नसतो, 'या आवृत्तीचा सर्व्हर आणा' एवढी चिठ्ठी असते. उबुंटू 24.04 वर खरा सर्व्हर 'पोस्टग्रेस्क्यूएल-१६' या पॅकेजात राहतो. आपण चिठ्ठी फाडली, एवढंच. आज्ञा चालवताना 'इतकी जागा मोकळी होईल' असा आकडा येतो तो पाहा. अख्खा सर्व्हर काढताना तिथे काही किलोबाइट दिसत असतील, तर काहीतरी चुकतंय हे तिथेच कळतं.

मग लोक 'पर्ज'कडे वळतात, आणि उलट टोकाचा गैरसमज सुरू होतो: पर्ज म्हणजे न विचारता सगळं साफ. पर्ज सेटिंग काढतं हे खरं. डेटाबाबत मात्र मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस ही दोन्ही पॅकेजं सहसा थांबून विचारतात. उबुंटूवर जांभळ्या पडद्यावर चौकट उघडते, सगळे डेटाबेस काढायचे का, हो की नाही. आता 'पर्ज -वाय' लिहिलं म्हणून या प्रश्नाचं उत्तर 'हो' ठरत नाही. ते 'वाय' ॲप्टच्या स्वतःच्या प्रश्नापुरतं असतं. खरा धोका स्क्रिप्टमध्ये आहे. तिथे बरेचदा 'नॉनइंटरॲक्टिव्ह' हा पर्याय लावलेला असतो, चौकट येतच नाही आणि पॅकेज बनवणाऱ्याने ठरवलेलं उत्तर गृहीत धरलं जातं. ते उत्तर काय आहे हे न पाहता पर्जची ओळ स्क्रिप्टमध्ये घालणं हा शुद्ध जुगार आहे.

'पर्ज कशाला, मी हातानेच फोल्डर उडवतो' हा तिसरा पंथ. यातली एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते आणि तिच्यापायी तासन् तास वाया जातात. समजा '/ईटीसी/मायएसक्यूएल' हे फोल्डर तुम्ही 'आरएम -आरएफ'ने काढलं आणि मग सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल केलं. कोऱ्या सेटिंग फाइली मिळतील अशी अपेक्षा असते. मिळत नाहीत. डेबियनच्या पॅकेज व्यवस्थेत सेटिंगची फाइल मालकाने स्वतः काढली असेल, तर तो त्याचा निर्णय मानला जातो आणि ती फाइल परत ठेवली जात नाही. मग सर्व्हर सुरू होत नाही, माणूस पुन्हा काढतो, पुन्हा टाकतो, फोल्डर पुन्हा उडवतो. उपाय साधा आहे: त्या फाइली ज्या पॅकेजच्या आहेत ते रीतसर पर्ज करायचं, किंवा इन्स्टॉल करताना डीपीकेजीला 'फोर्स-कॉन्फमिस' हा पर्याय द्यायचा. सर्व्हर चालू असताना डेटाची फाइल उडवली तर वेगळीच मजा. फाइल यादीतून गायब होते, पण ती उघडून बसलेला सर्व्हर थांबेपर्यंत डिस्कवरची जागा मोकळी होत नाही.

एकूणच 'काढून परत टाक, चालेल' या सल्ल्यावर माझा विश्वास नाही. डिस्क भरली असेल, 3306 पोर्ट दुसऱ्या कुणी अडवला असेल किंवा सेटिंगमध्ये एक अक्षर चुकलं असेल, तर सर्व्हर दहा वेळा काढून घातला तरी तो दहाही वेळा तिथेच अडखळणार. 'जर्नलसीटीएल -यू मायएसक्यूएल' लिहून शेवटच्या वीस ओळी वाचायला दोन मिनिटं लागतात.

इन्स्टॉल करतानाच्या समजुतीही कमी नाहीत. 'पासवर्ड विचारलाच नाही, म्हणजे डेटाबेस सताड उघडा' ही त्यातली नेहमीची. उबुंटूवर मायएसक्यूएलचा रूट वापरकर्ता पासवर्डने नव्हे, तर तुम्ही मशीनवर कोण आहात यावरून ओळखला जातो. म्हणून 'सुडो मायएसक्यूएल' लिहिलं की आत जाता येतं आणि सुडोचा अधिकार नसलेल्याला रूट म्हणून जाता येत नाही. पोस्टग्रेसमध्येही 'सुडो -यू पोस्टग्रेस पीएसक्यूएल' हाच दरवाजा. शिवाय दोन्ही सर्व्हर सुरुवातीला फक्त त्याच मशीनवरून येणाऱ्या जोडण्या ऐकतात. घोटाळा पुढे होतो: बाहेरून जोडता यावं म्हणून कुणीतरी सेटिंग बदलतो आणि पासवर्डचा विचार तसाच राहून जातो.

फेडोरा किंवा रेड हॅटवर नेमकं उलटं आश्चर्य वाटतं. तिथे 'डीएनएफ इन्स्टॉल'ने पोस्टग्रेस आलं तरी सर्व्हर आपोआप सुरू होत नाही. आधी 'पोस्टग्रेस्क्यूएल-सेटअप'ने डेटाची डिरेक्टरी तयार करावी लागते, मग सेवा सुरू करायची. इन्स्टॉल फसलेलं नसतं, अर्धं काम तुमच्यावर सोडलेलं असतं.

'नवी आवृत्ती टाकली की जुना डेटा तिच्यात येतो' हे मायएसक्यूएलपुरतं बरंचसं खरं आहे. 5.7 वरून 8.0 वर गेलात की त्याच डिरेक्टरीतला डेटा नव्या रूपात बदलला जातो, आणि मग 5.7 वर परतायचा रस्ता नाही. पोस्टग्रेसचं तसं नाही. उबुंटू 22.04 वरून 24.04 वर गेल्यावर 'पीजी_एलएसक्लस्टर्स' लिहून पाहा, बरेचदा दोन ओळी दिसतात: आवृत्ती 14, पोर्ट 5432, आवृत्ती 16, पोर्ट 5433. तुमचा डेटा पहिल्या ओळीत आहे. दुसरी ओळ इन्स्टॉल होताना आपोआप तयार झालेली आणि पूर्ण रिकामी. '16 नवीन, म्हणजे माझं' असं समजून 14 काढून टाकलं की संपलं. योग्य क्रम म्हणजे रिकामं 16 'पीजी_ड्रॉपक्लस्टर'ने काढायचं आणि मग 14 वर 'पीजी_अपग्रेडक्लस्टर' चालवायचं. त्यानंतर नव्याला 5432 मिळतो, जुनं बंद होऊन बाजूला शिल्लक राहतं. ते आठवडाभर तसंच राहू द्या.

राहिला सगळ्यात महाग गैरसमज: 'बॅकअप तर रोज होतोच.' 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कंपनीत एक अभियंता पोस्टग्रेसच्या दुय्यम सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी रिकामी करायला गेला आणि आज्ञा मुख्य सर्व्हरवर चालली. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली, तोवर सुमारे 300 जीबीतले जेमतेम 4.5 जीबी उरले होते. रोजचा बॅकअप शोधायला गेले तर जागा रिकामी. डेटाबेस 9.6 आवृत्तीचा होता आणि बॅकअप घेणारी 'पीजी_डम्प' ही आज्ञा 9.2 ची चालत होती. स्वतःपेक्षा नव्या आवृत्तीच्या सर्व्हरचा बॅकअप पीजी_डम्प घेत नाही, सरळ नकार देते. ती रोज नकार देत होती आणि त्याची ईमेल पलीकडच्या मेल सर्व्हरवर नाकारली जात होती, म्हणून कुणाला पत्ता नव्हता. वाचवलं ते योगायोगाने हाताने घेतलेल्या सहा तास जुन्या प्रतीने, पण त्या सहा तासांतला डेटा गेलाच. कंपनीने हे सगळं स्वतः जाहीरपणे लिहिलं, याचं कौतुक करावं तेवढं थोडं.

तेव्हा पर्ज लिहिण्याआधी 'पीजी_डम्प --व्हर्जन' पाहा. ती सर्व्हरच्या आवृत्तीएवढी किंवा तिच्याहून नवी हवी. मग तिने घेतलेला डम्प दुसऱ्या मशीनवर खरोखर भरा आणि दोन-चार मोठ्या टेबलांतल्या ओळी मोजून मूळ आकड्याशी ताडून घ्या.