उलटी वाहणारी नदी

आज बोलूया वर्षातून दोनदा दिशा बदलणाऱ्या एका नदीबद्दल. ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. मेकाँग तिबेटच्या पठारावर उगम पावते. चीन, म्यानमार, लाओस, थायलंड, कंबोडिया आणि व्हिएतनाम अशा सहा देशांतून चार हजारांहून जास्त किलोमीटर वाहत ती समुद्राला मिळते. कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हला, तिला तोन्ले साप नदी येऊन मिळते. ही नदी निघते त्याच नावाच्या एका मोठ्या तळ्यातून.

आता गंमत बघा. पावसाळ्यात मेकाँग इतकी फुगते की तिची पातळी तळ्याच्या वर जाते. पाणी काय, उताराकडेच जाणार! मग तोन्ले साप नदी उलटी, तळ्याकडे वाहायला लागते. एरवी साधारण २,५०० चौरस किलोमीटरचं तळं १५,००० पर्यंत पसरतं. काठचं जंगल पाण्याखाली जातं आणि तिथेच माशांच्या पिलांना खाणं नि आसरा मिळतो. पाऊस सरला की पाणी परत फिरतं, त्याच्यासोबत मासेही. कंबोडियाच्या ताटातले बरेचसे मासे इथलेच.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत हे तळं म्हणजे बफर. जास्तीचं साठवायचं, मग हळूहळू सोडायचं. म्हणजे पूर हा इथे बिघाड नाहीच. सगळी सिस्टीम त्याच्यावरच चालते.

मग अडचण कुठे आहे? वरच्या अंगाला, चीन आणि लाओसमध्ये बांधलेल्या धरणांत. विजेसाठी ती पावसाळ्यात पाणी अडवतात आणि कोरड्या दिवसांत सोडतात. वर्षभराची बेरीज तेवढीच राहिली, तरी पुराची उंची घटते. उंची घटली की उलटा प्रवाह घटतो, तळं कमी पसरतं, मासे कमी होतात. शिवाय धरणांत गाळ अडकतो, आणि व्हिएतनामचा त्रिभुज प्रदेश तर त्या गाळावरच उभा आहे.

१९९५ साली खालच्या चार देशांनी मेकाँग रिव्हर कमिशन स्थापन केलं. चीन आणि म्यानमार त्याचे सदस्य नाहीत. २०२० मध्ये चीनने पाण्याचा डेटा वर्षभर द्यायचं मान्य केलं. चांगलंच झालं, पण डेटा म्हणजे पाणी नव्हे. पाणी किती येणार हे खालच्या मच्छीमाराला आधी कळेल, एवढंच. ते कधी अडवायचं, हे ठरतं वरच.

भेटूया पुढच्या भागात!