फुलांचं उलटं घड्याळ

हॉस्टेलवर पहाटे साडेचारचा गजर लावला तर रूममेट उशी फेकून मारतो. गेल्या मे महिन्यात इंटर्नशिपसाठी नेदरलँडला होतो, तिथे उशी मारायला कुणी नव्हतं, म्हणून आल्समेरचा बाजार बघून झाला. ॲमस्टरडॅमच्या विमानतळाजवळचं हे गाव. तिथे जगातला सर्वांत मोठा फुलांचा लिलाव चालतो.

प्रेक्षकांना सकाळी सातला आत सोडतात, पण खालचा कारभार त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. एका छपराखाली पाच लाख चौरस मीटरहून जास्त जागा! म्हणजे क्रिकेटची पंचवीस-तीस मैदानं एकत्र करा. आपण वरच्या लांबलचक पुलावरून चालायचं आणि खाली बघायचं. विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांवर उभी असलेली माणसं, प्रत्येकाच्या मागे आगगाडीच्या डब्यांसारख्या जोडलेल्या ट्रॉल्या, ट्रॉल्यांवर बादल्या आणि बादल्यांत फुलं. सगळे सुसाट, वळणावर एकमेकांना घासून जातील असं वाटतं, पण जात नाहीत. मी गेलो तो मातृदिनाच्या आधीचा आठवडा, त्यामुळे गर्दी जरा जास्तच. यातला बराच गुलाब केनिया आणि इथिओपियाहून विमानाने आलेला असतो. आपल्या मावळातल्या पॉलिहाउसमधले गुलाबही युरोपात जातात.

आता मुख्य गंमत, ते घड्याळ. आपल्याकडे लिलाव म्हणजे बोली वर चढत जाते. इथे भाव वरून खाली उतरतो. समजा, वीस ट्रॉल्या गुलाबाचा लॉट आहे. काटा एका फुलाला शंभर सेंटवरून सुटतो आणि झपाट्याने घसरतो. ज्याला परवडेल त्याने बटण दाबायचं. पहिला दाबेल त्याचा सौदा. चौतीसवर दाबलं तर भाव चौतीस, आणि पाच हव्यात म्हटलं की पाच त्याच्या. उरलेल्या पंधरांसाठी काटा थोडा वर जातो आणि पुन्हा घसरू लागतो. एक सौदा काही सेकंदांत संपतो. थांबलात तर स्वस्त मिळेल, पण थांबलात तर दुसराच घेऊन जाईल. कॅम्पस इंटरव्ह्यूत पहिली ऑफर घ्यायची की थांबायचं, तसलंच हे. नाशवंत मालाला दुपारपर्यंत घासाघीस परवडत नाही, म्हणून ही पद्धत. पूर्वी खरेदीदार पायऱ्यांच्या मोठ्या दालनात बसत, आता बहुतेक जण आपापल्या ऑफिसातून कॉम्प्युटरवर बटण दाबतात. मीही घड्याळ पाहिलं ते पडद्यावरच. थोडी निराशा झाली, खोटं कशाला बोलू!

विल्यम विक्री या अर्थतज्ज्ञाने 1961 साली या लिलावाचं गणित मांडलं (1996 मध्ये त्यांना नोबेल मिळालं). त्यांचं म्हणणं असं, की उतरत्या भावाचा लिलाव आणि बंद पाकिटातला लिलाव हे डावपेचाच्या दृष्टीने एकच. दोन्हीकडे दुसऱ्याचा आकडा माहीत नसताना आपला आकडा मनात ठरवायचा असतो. हे वाचलं आणि मला आजोबा आठवले. त्यांनी बैल विकले ते गुरांच्या बाजारात, दलालाशी उपरण्याखाली बोटं दाबून. त्याला हत्ता म्हणतात. तेही एक बंद पाकीटच!

मग फरक कुठे आहे? माझ्या मते काटा थांबल्यानंतर. उपरण्याखालचा आकडा दलाल आणि समोरचा, दोघांनाच कळतो. घड्याळाचा आकडा सगळ्यांना दिसतो. शिवाय ते घड्याळ आहे कुणाचं? तर शेतकऱ्यांचं. 1911 च्या सुमारास आल्समेरच्या फूल उत्पादकांनी दोन लिलाव संस्था काढल्या, 1968 मध्ये त्या एक झाल्या, 1972 मध्ये ही इमारत सुरू झाली. आजची रॉयल फ्लोराहॉलंड हीसुद्धा उत्पादकांचीच सहकारी संस्था आहे. खरेदीदाराने पैसे बुडवले तरी उत्पादकाला ते मिळण्याची हमी संस्था घेते.

हे मला एवढं का लागलं, तर आमच्या घरी वीस गुंठ्यांत जरबेरा आहे. रात्री बॉक्स टेम्पोत चढवायचे, शहरातल्या आडत्याकडे पाठवायचे आणि पट्टीची वाट बघायची. पट्टीवर जो आकडा येईल तो खरा. त्या दिवशी बाजारात खरा भाव काय फुटला होता, हे बाबांना शेजाऱ्याची पट्टी बघूनच कळतं. पहिल्या वर्षाची फी भरायच्या आठवड्यात आम्हाला दोन रुपयांचा भाव लागला होता आणि शेजाऱ्याला साडेतीनचा. माल सारखाच, टेम्पोही तोच.

तिकडेही सगळं आलबेल आहे असं नाही. अर्ध्याहून जास्त व्यापार आता घड्याळाबाहेर, थेट करारांवर होतो, म्हणजे तिथला भाव पुन्हा दोघांतच. आणि ठरलेल्या किमान भावाखाली काटा गेला तर ती फुलं विकत नाहीत, नष्ट करतात.

रात्री बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दोनच प्रश्न विचारले. उरलेल्या फुलांचं काय करतात, आणि बाजाराचा खर्च कोणाकडून कापतात? फेकतात, म्हटलं, आणि उत्पादकाकडूनही कापतात.

"बरं," ते म्हणाले, "पण भाव दिसतो ना?"

दिसतो, म्हटलं.