केरळच्या शाळा लिनक्सवर चालतात!
शाळेत लिनक्स ही मुक्त संगणक प्रणाली चालेल का, अशी शंका असेल तर केरळकडे बघा. तिथे 2001 मध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प सुरू झाला आणि काही वर्षांतच सरकारी शाळांच्या संगणक कक्षांत मुक्त सॉफ्टवेअर आलं. आज ‘काइट’ ही सरकारी संस्था उबुंटू लिनक्सवर आधारित स्वतःची प्रणाली शाळांना देते. भूमितीसाठी जिओजेब्रा, चित्रांसाठी गिंप, लेखनासाठी लिब्रेऑफिस, सगळं त्यातच! परवान्याचा खर्च शून्य.

पण माझ्या मते खरं यश पैशांच्या बचतीत नाही. त्यांनी आधी शिक्षकांना प्रशिक्षण दिलं आणि आयटीची पाठ्यपुस्तकंही याच सॉफ्टवेअरवर बेतली. नुसत्या सीडी वाटल्या असत्या, तर त्या कपाटातच राहिल्या असत्या. शिवाय मुलं हीच प्रणाली कायदेशीरपणे घरच्या संगणकावरही टाकू शकतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडे मराठीचं काय, ही काळजी नको. लिब्रेऑफिस मराठीत आहे, इनस्क्रिप्ट कळफलकही मिळतो. जुन्या, कमी रॅमच्या संगणकांसाठी लुबुंटू ही हलकी लिनक्स प्रणाली बघा.

शिक्षक मित्रांनो, लिनक्स आधी पेनड्राइव्हवरून ‘लाइव्ह’, म्हणजे संगणकावर न टाकता, चालवून बघा. हार्डडिस्कला हात लावावा लागत नाही. या शनिवारी एका संगणकावर तरी नक्की करून बघा!