कोठीची खोली आणि काटकसर

घर बांधतांना दिवाणखान्यास उजेड व वारा मिळावा म्हणून जितका खल होतो, त्याचा दशांशहि कोठीच्या खोलीच्या वांट्यास येत नाहीं. जिन्याखालची अंधारी, ओलसर जागा ती कोठीची, असा जणूं दंडकच पडला आहे! वैशाखाच्या उन्हांत वाळवून भरलेले जिन्नस तेथें भिंतीस टेकून राहतात आणि श्रावणांत त्यांवर बुरशी चढते. मग ते टाकवत नाहींत. बुरसलेले शेंगदाणे भाजून घरांतली बाई आपल्या ताटांत घेते. इतरांस चांगले वाढते. हिला आपण काटकसर म्हणतों! परंतु अशा बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष उत्पन्न होऊं शकतें, हें १९६० नंतरच्या संशोधनानें सिद्ध झालें आहे. तें यकृतास घातक असून भाजल्यानें पुरतें जात नाहीं. असे दाणे फेकलेच पाहिजेत. डबे फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर असावेत, जुनें आधीं संपवावें, हें आम्हीं गृहिणीस शिकवावें असें नाहीं. तिला तें ठाऊक आहे. खोली मात्र तिच्या हातीं नाहीं. घराचा आराखडा काढतांना तिला विचारतो कोण? दिवाणखान्यास एक खिडकी कमी पडली तरी चालेल. ती कोठीस द्यावी, एवढेंच आमचें गृहस्थांस मागणें आहे.